खाडीच्या मापाचे लढाऊ जहाज : गुराब आणि गलबत

‘हलकी क्रूझर’ या नावाने विसाव्या शतकात जी युद्धनौका ओळखली गेली, ती शत्रूच्या सर्वांत मोठ्या जहाजाशी समोरासमोर झुंज देण्यासाठी बांधलेली नव्हती. व्यापारी मार्गावर गस्त घालणे, आपल्या जहाजांना सोबत करणे, शत्रूच्या जहाजांचा माग काढून त्यांना गाठणे आणि आपल्याहून बलाढ्य जहाज दिसताच वेगाच्या जोरावर निसटणे, ही तिची कामे होती. १९३० च्या लंडन करारात तोफेच्या नळीचा व्यास १५५ मिलिमीटरपर्यंत असेल तर क्रूझर हलकी आणि त्यापुढे असेल तर जड, अशी रेघ ओढण्यात आली. स्वतंत्र भारताच्या आरमारात ५ जुलै १९४८ रोजी दाखल झालेली ‘दिल्ली’ ही ब्रिटिशांच्या ‘लिअँडर’ वर्गातील हलकी क्रूझर होती. त्याआधी ‘अकिलीस’ या नावाने तिने १३ डिसेंबर १९३९ रोजी, आणखी दोन क्रूझरांच्या साथीने, दक्षिण अमेरिकेच्या प्लेट नदीच्या मुखाबाहेर ‘ग्राफ श्पे’ या कितीतरी जड तोफांच्या जर्मन युद्धनौकेवर निरनिराळ्या बाजूंनी मारा करून तिला बंदराचा आसरा घ्यायला लावले होते. लहान जहाजांनी मोठ्या जहाजाला वेगवेगळ्या अंगांनी भिडावे आणि त्याच्या तोफांचे लक्ष विभागावे, ही रीत कोकणच्या समुद्राला मात्र मुळीच नवी नव्हती. या किनाऱ्यावर सतराव्या आणि अठराव्या शतकांत हेच काम गुराब आणि गलबत ही जहाजांची जोडी करीत असे, आणि ती जोडी तशीच का घडली याचे उत्तर बऱ्याच अंशी हरिहरेश्वरासमोरच्या पाण्यात सापडते.

हरिहरेश्वराच्या टेकड्या जेथे समुद्रात उतरतात तेथून दक्षिणेला सावित्री नदीची खाडी समुद्राला मिळते, आणि खाडीच्या पलीकडच्या तीरावर, आजच्या रत्नागिरी जिल्ह्यात, बाणकोटचा किल्ला म्हणजेच हिंमतगड उभा आहे. महाबळेश्वरात उगम पावून पोलादपूर आणि महाडवरून येणारी ही नदी एके काळी घाटमाथा आणि समुद्र यांच्यातील वाहतुकीचा रस्ताच होती, कारण भरतीच्या पाण्यावर लहान होड्या थेट महाडपर्यंत जात. खोल बुडाच्या जहाजाला मात्र हा रस्ता बंद होता, कारण नदीने वाहून आणलेली वाळू मुखाशी साचते आणि ओहोटीला तेथे पाणी उथळ होते. उत्तरेला सुमारे पस्तीस किलोमीटरवर सिद्दीचा जंजिरा आणि दक्षिणेला सुमारे वीस किलोमीटरवर हर्णैचा मराठ्यांचा सुवर्णदुर्ग, अशा दोन परस्परविरोधी सागरी सत्तांच्या मध्ये ही खाडी येत असे. श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर हा मुलूख सिद्दीकडे होता आणि पुढे तो १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानातच राहिला. श्रीवर्धनचे देशमुख असलेल्या भट घराण्यातील बाळाजी विश्वनाथ सिद्दीशी बिनसल्यामुळे देशावर गेले आणि त्यांच्या पेशवे वंशजांनी अटकेपर्यंत राज्य पोहोचवले, तरी या घराण्याचे कुलदैवत हरिहरेश्वर बहुतेक काळ परक्याच्याच हद्दीत राहिले, हा इतिहासातील एक विचित्र योग म्हणावा लागेल.

या किनाऱ्यावरील जहाजाची घडण ठरवणारी दुसरी गोष्ट म्हणजे वारा. जून ते सप्टेंबर हे महिने नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचे असल्यामुळे समुद्र बंद असे आणि नारळी पौर्णिमेनंतर तो हळूहळू खुला होई. उघडिपीच्या महिन्यांत रात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे खारा वारा येतो, आणि या दोहोंच्या सांध्यावर काही तास वारा पूर्ण पडतो. सुरतेहून किंवा मुंबईहून दक्षिणेला जाणारे युरोपीय व्यापारी जहाज याच वाऱ्यांवर अवलंबून किनारा धरून जात असे, आणि वारा पडताच सुमारे पाचशे टनांचे ते अवजड धूड जागच्या जागी डुलत राही. शिडावर चालणाऱ्या जहाजाची ही अगतिक वेळ म्हणजेच वल्ह्यांवर चालणाऱ्या जहाजाची संधी, आणि गुराब-गलबतांची सगळी रचना या एका गोष्टीभोवती फिरते.

गुराब हे नाव अरबीतून आले असून त्या भाषेत ‘गुराब’ म्हणजे कावळा. इंग्रजांच्या कागदपत्रांत त्याचेच ‘ग्रॅब’ झाले. रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकाराने आंग्रे या मराठा सागरी सरदार घराण्याच्या आरमाराचे जे वर्णन केले आहे, ते शत्रुपक्षाकडून आलेले असल्यामुळे जपूनच वाचावे लागते. तथापि जहाजांच्या बांधणीबाबत त्याच्याइतकी नेमकी माहिती क्वचितच मिळते. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गुराबेला सहसा दोन डोलकाठ्या असत, काहींना तीन. दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे दीडशे टनांची, तर तीन डोलकाठ्यांची सुमारे तीनशे टनांची असे. लांबीच्या मानाने ती बरीच रुंद असून तिचे बूड उथळ पाण्यात चालेल असे ठेवलेले असे, आणि मधल्या भागापासून पुढच्या टोकाकडे ती निमुळती होत जाई. युरोपीय जहाजाचा पुढचा भाग गोलसर आणि भरीव असे. गुराबेला त्याऐवजी भूमध्य समुद्रातील गॅली जहाजांसारखी पुढे लांब निघालेली नाळ असे. मराठीत जहाजाच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात, आणि गुराबेचे वैशिष्ट्य याच नाळेत होते.

ही नाळ मजबूत फळ्यांनी झाकलेली असली, तरी तिच्यावरचा तक्ता (डेक) आणि जहाजाच्या मुख्य भागाचा तक्ता यांच्यामध्ये एक आडवी भिंत घातलेली असे. याचे कारण असे की उथळ बुडाचे, पुढे निमुळते झालेले जहाज समोरून येणाऱ्या लाटांत जोराने वरखाली आपटते आणि नाळ वारंवार पाण्यात बुडते; मधली भिंत नसती तर प्रत्येक लाटेचे पाणी सरळ जहाजाच्या मध्यापर्यंत धावत आले असते. भिंत असल्यामुळे ते नाळेवरच अडे आणि दोन्ही बाजूंनी समुद्रात ओघळून जाई. या भिंतीत झरोके पाडून त्यांतून दोन तोफांची तोंडे पुढे काढलेली असत, आणि त्या तोफा नाळेवरून थेट समोर मारा करीत. त्या ९ किंवा १२ पौंडी असत, म्हणजे त्यांचे गोळे अंदाजे चार ते साडेपाच किलो वजनाचे असत. दोन्ही कुशींवरच्या तोफा ६ ते ९ पौंडी असत. म्हणजे गुराबेच्या सर्वांत जड तोफा तिच्या कुशींवर नव्हे, तर तोंडाशी होत्या. आरमारी बांधणीत जड तोफ कोठे ठेवली आहे यावरून ते जहाज कसे लढणार हे कळते, आणि गुराबेची बांधणी सांगते की हे जहाज पाठलागासाठी घडवलेले आहे.

त्या काळातील युरोपीय जहाजाची बहुतेक सर्व ताकद त्याच्या दोन्ही कुशींवर, ओळीने मांडलेल्या तोफांमध्ये असे. पिछाडीला एखाद-दुसरीच तोफ बसे, कारण तेथे सुकाणू, कप्तानाची खोली आणि खिडक्या असत. अशा जहाजाच्या कुशीसमोर जाणे म्हणजे एका दमात दहा-पंधरा गोळे अंगावर घेणे. उलट त्याच्या पाठीशी राहिले तर ते जवळजवळ निःशस्त्र असते, आणि वारा पडलेला असेल तर त्याला वळून कूस समोर आणताही येत नाही. गुराब पुढे तोंड करून त्याच्या पिछाडीमागे थांबे, स्वतःचे सर्वांत अरुंद अंग शत्रूला दाखवी आणि आपल्या सर्वांत जड तोफा चालवी. तोंडाशी दोनच तोफा असलेले जहाज तीस तोफांच्या जहाजाशी बरोबरी कशी करील, हा प्रश्न वरवर अवघड वाटला, तरी नाळेकडे पाहिल्यावर त्याचे उत्तर सोपे होते.

गलबत हा शब्द पुढे मराठीत कोणत्याही लहान जहाजासाठी रूढ झाला असला, तरी लढाऊ गलबत ही निश्चित घडणीची वस्तू होती. ते गुराबेच्याच ढंगाचे, पण लहान असे. ७० टनांपेक्षा मोठे गलबत क्वचितच आढळे. त्याला दोन डोलकाठ्या असत, त्यांपैकी मागची नावापुरतीच. मुख्य डोलकाठीवर तिरप्या परबाणाला बांधलेले एकच मोठे त्रिकोणी शीड असे; परबाण म्हणजे शीड ज्याला बांधतात तो आडवा वासा. बहुतेक गलबतांचा वरचा तक्ता लाकडाचा नसून चिरलेल्या बांबूंचा विणलेला असे, त्यामुळे वजन कमी राही. त्यावर जड तोफ ठेवणे शक्य नसल्याने खुंटीवर फिरणाऱ्या छोट्या तोफा, म्हणजे जंबुरे, बसवलेले असत. मोठ्या गलबतांना मात्र पक्का तक्ता असून त्यांवर २ ते ४ पौंडी सहा-आठ तोफा बसत. आणि मुख्य म्हणजे प्रत्येक गलबताला ४० ते ५० वल्ही असत, ज्यांच्या बळावर ते ताशी चार मैलांपर्यंत चाले. चार मैल हा वेग आज हास्यास्पद वाटेल, कारण माणूस जमिनीवर जवळजवळ तेवढ्याच वेगाने चालतो. पण ज्या समुद्रात शत्रू जागचा हलू शकत नाही, तेथे चार मैल म्हणजे हवे ते सर्व काही.

या दोन जहाजांना एकमेकांपासून वेगळे करून पाहिले तर दोन्ही अपुरी दिसतात, कारण गुराबेकडे तोफा होत्या पण वारा नसेल तर गती नव्हती, आणि गलबताकडे गती होती पण जड तोफ नव्हती. त्यांची लढाई एकत्रच होत असे. आठ-दहा गुराबा आणि चाळीस-पन्नास गलबते, असा आंग्र्यांच्या मोठ्या हल्ल्याचा आकार ऑर्मने दिला आहे. एखादे व्यापारी जहाज दृष्टीस पडताच ही जहाजे दोर सोडून बंदराबाहेर पडत; वारा असेल तर त्यांच्या बांधणीमुळे ती शत्रूपेक्षा वेगाने जात आणि वारा नसेल तर गलबते गुराबांना दोराने ओढत नेत. तोफांच्या पल्ल्यात आल्यावर सगळी शत्रूच्या पिछाडीमागे गोळा होत आणि गुराबा लांबूनच त्याच्या डोलकाठ्यांवर नेम धरीत. बुडवणे हा हेतूच नसे. जहाज बुडाले तर त्यातला माल आणि जहाज दोन्ही हातचे जाणार. डोलकाठ्या पडून जहाज पांगळे झाले की गुराबा जवळ येऊन सर्व बाजूंनी मारा करीत, आणि तरीही शत्रू शरण येत नसेल तर शेवटी दोनशे-तीनशे माणसे भरलेली गलबते एकदम भिडत व तलवारी घेऊन माणसे वर चढत. अशा वेळी जहाजावरच्या तोफांना काही अर्थ उरत नसे, कारण हल्लेखोर तोफांच्या तोंडाखाली येऊन पोहोचलेले असत.

ही जोडी आंग्र्यांची निर्मिती नव्हे. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर तेथील खाडीत जहाजबांधणी सुरू केली, तेव्हा १६५९ च्या सुमारास रुई लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर आणि त्याच्या हाताखालील शेकडो माणसे त्या कामावर होती. ही मंडळी पुढे मुंबईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून काम टाकून निघून गेली, परंतु तोवर जहाजे पाण्यात उतरू लागली होती आणि नंतरची बांधणी स्थानिक सुतारांच्या हातून झाली. लढाऊ माणसे कोळी, भंडारी, गाबीत अशा किनाऱ्याच्या दर्यावर्दी समाजांतून आली. शिवाजी महाराजांच्या मनात युरोपीय धर्तीचे मोठे जहाज नव्हतेच, असे म्हणता येत नाही. तथापि आरमाराचा कणा लहान आणि मध्यम जहाजांचाच राहिला.

तो का राहिला याचे तर्कशुद्ध विवेचन १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आढळते. आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानणाऱ्या या ग्रंथात जहाजे फार मोठीही नसावीत आणि फार लहानही नसावीत, मध्यम प्रमाणाची असावीत, आणि ज्यांचा वाऱ्याशिवाय काही उपयोग नाही अशी तर बांधूच नयेत, असे स्पष्ट बजावले आहे. आरमाराचा सुभा, म्हणजे एका अधिकाऱ्याच्या हाताखालील तुकडी, पाच गुराबा आणि पंधरा गलबते यांचा असावा, हे प्रमाणही त्यात दिलेले आहे. या आकड्यांचा थोडा हिशेब केला तर त्यामागचे कारण उमगते. पंधरा गलबतांवर प्रत्येकी चाळीस ते पन्नास वल्ही धरली, तर एका सुभ्याकडे सहाशे ते साडेसातशे वल्ह्यांचे बळ होते. एका गुराबेला ओढायला तीन गलबते, म्हणजे एकशे वीस ते दीडशे वल्ही, आली. एकास तीन हे प्रमाण कारकुनाने कागदावर घातलेले दिसत नाही. ते पडलेल्या वाऱ्यात जड जहाज ओढून पाहिलेल्या माणसाचे आहे.

लाकडाबाबतही आज्ञापत्र तितकेच सावध आहे. सागवान जंगलातून परवानगीने तोडावे आणि कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे. आंबा आणि फणस ही झाडे आरमाराच्या उपयोगाची असली तरी त्यांना हात लावू नये, कारण ती वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. झाड अगदीच जीर्ण असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊनच ते तोडावे. आरमाराचा खर्च लुटीवर किंवा जकातीवर सोपवू नये, त्यासाठी मुलखाचे निश्चित उत्पन्न लावून द्यावे, नाहीतर आरमार पोट भरण्यासाठी सावकारांना त्रास देईल आणि बंदरे ओस पडतील, हा इशाराही त्याच प्रकरणात आहे. गुराब-गलबतांना सरसकट चाचे ठरवणाऱ्या इंग्रज लेखकांनी हे पान वाचलेले नव्हते; अर्थात हा इशारा द्यावा लागला, यावरून प्रत्यक्षात काय घडत असावे याचाही अंदाज येतो.

पावसाळ्याची तजवीज तर या वर्गाच्या जहाजांचा प्राणच होती. जहाजे वेळीच किनाऱ्यावर ओढून, झापांखाली झाकून, किल्ल्याच्या आश्रयाने ठेवायची, पहारे बसवायचे, आणि दरवर्षी एकाच बंदरात छावणी न करता बंदर बदलायचे, म्हणजे एकाच गावावर भार पडत नाही, अशी रीत सांगितलेली आहे. उथळ बुडाचे जहाज भरतीवर खाडीत आत घेता येते आणि ओहोटीला वाळूवर टेकवता येते. खोल बुडाचे जहाज असे टेकवले तर ते कुशीवर कलंडते. म्हणजे ज्या गुणामुळे गुराब लढाईत हलकी होती, त्याच गुणामुळे ती पावसाळा काढू शकत होती, पण त्यासाठी तिला किल्ला असलेली खाडी हवी होती. बाणकोट, सुवर्णदुर्ग, जयगड, विजयदुर्ग ही नावे नकाशावर एकाखाली एक वाचली की आरमाराचा खरा आराखडा दिसतो. जहाजे हा त्याचा फिरता भाग आणि किल्ले हा स्थिर भाग होता.

या वर्गाची पहिली मोठी कसोटी १६७९ मध्ये खांदेरी बेटावर लागली. मुंबई बंदराच्या दक्षिणेला, थळसमोर, मायनाक भंडारीच्या माणसांनी बेटावर तटबंदी सुरू केली आणि इंग्रजांनी ती थांबवण्यासाठी जहाजे पाठवली. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी मराठ्यांची पन्नासच्या आसपास जहाजे पहाटे चालून आली, इंग्रजांचे ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांच्या हाती लागले आणि ‘रिव्हेंज’ या जहाजाने मात्र एकट्याने झुंज देऊन स्वतःला वाचवले. जय कोणाचा हे त्या दिवशी सांगणे कठीण होते. परंतु बेटाची नाकेबंदी करणे इंग्रजांना शेवटपर्यंत जमले नाही, कारण रात्रीच्या अंधारात वल्हवत जाणाऱ्या लहान होड्यांना त्यांची मोठी जहाजे अडवू शकत नव्हती, आणि अखेर १६८० च्या आरंभी त्यांना बेटाचा नाद सोडावा लागला.

कान्होजी आंग्र्यांच्या काळात (त्यांचा मृत्यू १७२९ मध्ये झाला) हीच जहाजे सागरी कारभाराचे साधन बनली. या समुद्रातून जाणाऱ्या व्यापाऱ्याने आंग्र्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावा आणि न घेणाऱ्याचे जहाज धरले जाईल, हा दंडक गस्तीशिवाय चालणे अशक्य होते, आणि गस्त घालण्यासाठी स्वस्त, चपळ आणि पुष्कळ जहाजे लागतात. पोर्तुगीजांनीही अशीच परवान्यांची पद्धत दोनशे वर्षे चालवली होती. फरक एवढाच की त्यांची ती सत्ता आणि आंग्र्यांची ती चाचेगिरी, असे इंग्रजी कागद समजत. १७१७ ते १७२१ या वर्षांत मुंबईच्या इंग्रजांनी विजयदुर्ग, खांदेरी आणि कुलाबा या किल्ल्यांवर एकामागून एक मोहिमा काढल्या, शेवटच्या मोहिमेत पोर्तुगीजही सामील झाले, आणि एकही किल्ला हाती लागला नाही.

या जहाजांच्या पद्धतीचा सर्वांत स्वच्छ नमुना डिसेंबर १७३५ मध्ये दिसला. ईस्ट इंडिया कंपनीचे ‘डर्बी’ हे इंग्लंडहून मुंबईकडे येणारे, खजिना आणि माल भरलेले जहाज सुवर्णदुर्गाच्या बाजूच्या समुद्रात, म्हणजे हरिहरेश्वरापासून फार दूर नसलेल्या पाण्यात, वारा पडून अडकले असताना संभाजी आंग्रे यांच्या आरमाराने त्याला गाठले. हल्ला पिछाडीकडूनच झाला, डोलकाठ्या तोफांनी तोडल्या गेल्या, आणि वळून आपल्या कुशीवरच्या तोफा वापरण्याची संधी जहाजाला मिळालीच नाही. अखेर ते शरण आले आणि मालासकट, माणसांसकट सुवर्णदुर्गाच्या बंदरात नेले गेले. कंपनीने पुढे आपल्या जहाजांना ताफ्याने आणि सोबतीच्या लढाऊ जहाजासह पाठवायला सुरुवात केली त्यामागे अशा प्रसंगांचा मोठा वाटा होता. १७४९ मध्ये तुळाजी आंग्रे यांनी कंपनीचे ‘रिस्टोरेशन’ हे लढाऊ जहाजही पकडले. हे जहाज पुढे आंग्र्यांच्या नाशाचे निमित्त कसे झाले ते लवकरच येईल. १७५४ च्या आरंभी तुळाजींच्या आरमाराने तीन डच जहाजांशी गाठ घालून दोन जाळली आणि तिसरे पकडले, तेव्हा या वर्गाचा दबदबा शिगेला पोहोचला होता.

परंतु तुळाजींचे पुण्याच्या पेशव्यांशी वैर होते. मार्च १७५५ मध्ये पेशव्यांच्या वतीने कोकणचे सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी मुंबईच्या इंग्रजांशी तुळाजींविरुद्ध करार केला, आणि इंग्रजांचा कमोडोर विल्यम जेम्स ४४ तोफांच्या ‘प्रोटेक्टर’ जहाजासह निघाला. चौलहून पेशव्यांच्या सात गुराबा आणि सुमारे साठ गलबते त्याला येऊन मिळाली. म्हणजे या युद्धात दोन्ही बाजूंना तीच जहाजे होती, आणि त्यांच्यामधल्या एका पाठलागाचे जे वर्णन ऑर्मने केले आहे, ते गुराबेच्या स्वभावावर कोणत्याही मोजमापापेक्षा अधिक प्रकाश टाकते. सुवर्णदुर्गाच्या बंदरातील तुळाजींची जहाजे इंग्रजांचे जहाज येताना पाहून दोर सोडून दक्षिणेकडे पळाली. वारा अगदी मंद होता. गलबतांनी गुराबांना ओढायला सुरुवात केली, खलाशांनी अडगळीचे सामान समुद्रात फेकून जहाजे हलकी केली, होती नव्हती ती सगळी शिडे उभारली, आणि तेवढ्यावरही भागेना तेव्हा अंगावरचे कपडे, गोधड्या आणि पागोटी सोडून टांगली, की वाऱ्याची एक झुळूकही वाया जाऊ नये. पाठलागात ‘प्रोटेक्टर’ एकटेच पुढे निघून गेले, सोबतचे मराठी आरमार मागे राहिले, आणि एकट्याने इतक्या जहाजांशी भिडणे शहाणपणाचे नाही हे ओळखून जेम्स परत फिरला.

या पाठलागात गुराबा वाचल्या. पण त्यांच्या मागे किल्ला उघडा पडला, आणि जेम्सचे लक्ष्य मुळात तोच होता. २ एप्रिलपासून त्याने सुवर्णदुर्गावर तोफा आणि बाँब चालवले, आत दारूगोळ्याने पेट घेतला आणि दोनच दिवसांत किल्ला पडला. त्यानंतर, ८ एप्रिल १७५५ रोजी, हरिहरेश्वरासमोरचा बाणकोटही इंग्रजांच्या स्वाधीन झाला. त्याला त्यांनी ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असे नाव दिले, आणि पुढच्या वर्षीच्या पुण्याच्या तहाने तो त्यांच्याकडे कायमचा राहिला. या घटनेचे महत्त्व सामान्यतः पश्चिम किनाऱ्यावरील इंग्रजांचा एक आरंभीचा तळ एवढ्यापुरते सांगितले जाते. आरमारी दृष्टीने मात्र त्याचा अर्थ असा की गुराबांचा एक निवारा कमी झाला, आणि ज्या जहाजाची ताकद निवाऱ्यावर उभी आहे, त्याचा एकेक निवारा जाणे म्हणजे एकेक जहाज गमावण्यापेक्षाही मोठी हानी.

फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसन ‘केंट’सारख्या दोन मजली तोफांच्या मोठ्या युद्धनौका घेऊन विजयदुर्गापुढे उभा राहिला, जमिनीवरच्या फौजेसह रॉबर्ट क्लाइव्ह होता, आणि दुसरीकडून पेशव्यांची फौज आलेली होती. तुळाजींचे सगळे आरमार किल्ल्याखाली, खाडीत, एकमेकांजवळ नांगरून ठेवलेले होते. बाहेर निघून समोरासमोर लढणे गुराबांना शक्यच नव्हते, कारण इतक्या जड तोफांच्या जहाजांच्या कुशीसमोर तीनशे टनांचे लाकूड क्षणभर टिकले नसते. पळून जावे तर मुख बंद. १२ फेब्रुवारीला एक बाँब ‘रिस्टोरेशन’ या पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेल्या जहाजावर पडला, ते पेटले, आणि तेथून आग शेजारच्या गुराबांकडे पसरत गेली. पन्नास वर्षे किनाऱ्यावर दहशत बसवणारे आरमार असे लढाई न करता, नांगरलेल्या जागी, काही तासांत जळून गेले. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. या आगीत पेशव्यांनी स्वतःच्याच राज्याचे आरमार जाळले, असा आरोप मराठी इतिहासलेखनात वारंवार झाला आहे. तुळाजी पुण्याला जुमानत नव्हते ही गोष्ट खरी असली, तरी आरोपात तथ्य आहे, कारण तुळाजींना नमवण्यासाठी जहाजे नष्ट करावी लागत नव्हती, ती हाती घेणे पुरेसे होते, आणि इंग्रजांना मात्र ती नष्टच व्हायला हवी होती.

तरीही गुराब-गलबतांचा हा वर्ग १७५६ मध्ये संपला नाही. विजयदुर्ग पेशव्यांकडे आल्यावर तेथे नवे आरमार उभे राहिले, त्याची सूत्रे धुळप घराण्याकडे गेली, आणि जवळच गिर्ये येथे खडक फोडून केलेली, सुमारे ३५५ फूट लांबीची गोदी जहाजांच्या दुरुस्तीसाठी होतीच. एप्रिल १७८३ मध्ये आनंदराव धुळपांच्या आरमाराने रत्नागिरीच्या बाजूच्या समुद्रात मुंबईहून दक्षिणेकडे निघालेले कंपनीचे ‘रेंजर’ हे १२ तोफांचे जहाज गाठले. त्यावर कर्नाटकातील मोहिमेवर रुजू होण्यासाठी निघालेले वरिष्ठ इंग्रज लष्करी अधिकारी होते. इंग्रज आणि मराठे यांच्यातील युद्ध संपवणारा सालबाईचा तह आधीच झालेला असल्याने या लढाईवरून पुढे बराच वाद माजला, पण लढाईची रीत जुनीच होती: अनेक जहाजांनी एका जहाजाला घेरणे, जवळ जाऊन मारा करणे आणि शेवटी माणसे वर चढवणे. जहाजावरचे बहुतेक अधिकारी मेले किंवा जबर जखमी झाले. ‘रेंजर’ आकाराने, तोफांनी आणि मार्गाने नेमके तसले जहाज होते, जसल्यासाठी गुराबेच्या नाळेतल्या दोन तोफा पुढे तोंड करून बसवलेल्या असत. शरण आल्यावर त्याला विजयदुर्गाच्या खाडीत आणण्यात आले.